आत्याबाईंची राखण

१

रोज संध्याकाळी पाच वाजता मी माझ्या मेलेल्या सासूला चालू करायची.

हसू नका. दुसऱ्या शब्दांत ते सांगताच येत नाही. पातूरच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी आमचं दोन एकर कांद्याचं बियाणं उभं होतं. कांदा लावायचा, त्याला दांडे येऊ द्यायचे, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलले की ते वाळवून काळं बी झाडून घ्यायचं, असं ते काम. गोंड्यांत बी भरायला मधमाश्या लागतात, म्हणून वावरात मधाच्या दहा पेट्या आणून ठेवलेल्या. आणि मध म्हटला की डोंगरातलं अस्वल आलंच. म्हणून वावराच्या मधोमध लोखंडी खांब, खांबावर भोंगा, खाली बॅटरी. भोंग्यातून माणूस ओरडत राहतो आणि जनावर लांब राहतं. आजकाल आमच्याकडे धुऱ्याधुऱ्याला, म्हणजे बांधाबांधाला, हेच आहे. कोणी कुत्र्याचं भुंकणं लावतं, कोणी स्वतःच्या शिव्या भरून ठेवतं.

आमच्या भोंग्यात लीलाबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा आवाज होता. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. दिवाळीत भरला आणि पौषात त्या गेल्या.

मी म्हटलं होतं, आता हा आवाज काढा. पण आमच्या घरात मी म्हणून काय होते? सगळं चालतं ते देवराव भाऊजींचं. ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याशी धाकट्या सुनेनं तोंड उघडून बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते माझ्यासमोर उभं राहून माझ्या नवऱ्याला, कुंदनला सांगतात. मला सांगायचं असलं की मीही कुंदनला सांगते. कुंदन ऐकतो दोघांचं आणि करतो भावाचं.

“कुंदन, तिले सांग,” भाऊजी म्हणाले, “मायचा आवाज खणखणीत हाये. कायले बदलाचा?”

तो आवाज मीच भरलेला. मोबाईल माझ्या हातात होता. अडुसष्ट वर्षांची बाई, वावरात उभी, आणि भाऊजी समोर बसून सांगत होते, “माय, आनखी जोऱ्यानं. हां, आता येगळं काहीतरी वरड, नाई तं जनावराले सवय होते.” आत्याबाई ओरडल्या. हाऽऽड! हाऽऽड रेऽऽ! बावीस मिनिटं ओरडल्या. शेवटी शेवटी घशातून नुसती खरखर निघत होती. मला त्या हातानं खुणावत होत्या, पाणी दे. भाऊजी म्हणाले, एवढं होऊ दे मंग. आणि मी मोबाईल धरून उभी राहिले. त्याची लाज मला आजही वाटते, पण लाज वाटण्याचा मक्ता काय एकट्या माझाच आहे का?

२

आत्याबाई न्यूमोनियानं गेल्या. भोंगा होता तरी भाऊजींचा त्याच्यावर पुरता भरोसा नव्हता, म्हणून थंडीत त्या रोज पहाटे धुऱ्यावर जाऊन बसायच्या. अकोल्याला दवाखान्यात तीन दिवस होत्या. तिथेही मला म्हणाल्या, “वावरात कोन हाये वं?”

दहाव्याचं आमच्याकडे वावराला लागून जो नाला आहे, तिथेच केलं. पिंड ठेवला, सगळे हात जोडून उभे. त्या दिवसांत रोही, म्हणजे नीलगायींचे कळप, दिवसाही यायचे, म्हणून भोंगा चालूच होता. मायच्या दहाव्यालाही कोणाला तो बंद करावासा वाटला नाही.

कावळा आला, पिंडाजवळ उतरला, आणि तिकडून आत्याबाई ओरडल्या, हाऽऽड! कावळा उडाला. पुन्हा आला, पुन्हा हाऽऽड. तीनदा असं झालं. बायाबायांत मी डोक्यावर पदर घेऊन उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बाप्पा, बाईला तिच्याच पिंडावरून कावळा हाकलायला लावला ह्या लोकांनी!

मग सगळ्यांनी नेहमीसारखे शब्द द्यायला सुरुवात केली. कुंदन म्हणाला, माय, मी दारूला हात लावणार नाही. कोणी म्हणालं, तुझ्या माहेरचं येणंजाणं सोडणार नाही. कावळा झाडावर बसून राहिला. शेवटी भाऊजी पुढं झाले. हात जोडले आणि म्हणाले, “माय, बियानं घरात येईपरेंत तूच राखन कर. मंग तुले सुट्टी.”

कावळा लगेच उतरला. भोंगा ओरडत होता तरी उतरला. सगळा भात खाऊन गेला.

लोक म्हणाले, पाहा, जीव वावरातच अडकला होता बिचारीचा. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. अहो, मेलेल्या माणसाला सगळं जग म्हणतं, तू जा, मागचं आम्ही पाहतो. ह्या माणसानं आईला सांगितलं, तू थांब. आणि ती बाई आयुष्यात लेकाला कधी नाही म्हणाली होती का? पण कोणाला काही खटकलं नाही. जेवणं झाली, लोक घरी गेले.

३

फाल्गुनात गोंडे पांढरेशुभ्र फुलले आणि मला आवाजात काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

पहिल्या दिवशी नुसता एक हाऽऽड कमी होता. बावीस मिनिटांचा तो आवाज मला तोंडपाठ आहे. चौदाव्या मिनिटाला त्या खोकतात आणि खोकल्यानंतर लागोपाठ तीन वेळा ओरडतात. मला दोनच ऐकू आले. मी म्हटलं, वारं असेल. दुसऱ्या दिवशी एकच ऐकू आला. चौथ्या दिवशी खोकल्यानंतर काहीच नव्हतं. मग त्या रिकाम्या जागेत एक गुंगुं असा आवाज यायला लागला. बारीक, सारखा, मध्येच तुटणारा.

मी माझ्या मनाला समजावलं. बारावी शिकलेली आहे मी, दर्यापूरच्या कॉलेजात. म्हटलं, उन्हानं मेमरी कार्ड तापलं असेल. म्हटलं, मधमाश्यांचा आवाज असेल. कार्ड काढलं आणि मोबाईलमध्ये घालून पूर्ण ऐकलं. सगळं जागेवर होतं, बावीस मिनिटं, खोकला, त्यानंतर तीन हाऽऽड. तेच कार्ड परत भोंग्यात घातलं. खोकला आला आणि मग गुंगुं.

सकाळी खांबाखाली पावलं दिसली. अस्वलाची पावलं ओळखायला काही अक्कल लागत नाही, माणसाच्या पायासारखीच असतात, फक्त पुढं लांब नखं. मोठी पावलं येताना होती, जाताना होती. खांबाच्या बुडाशी माती दबून गुळगुळीत झालेली, तिथे कोणी बराच वेळ बसल्यासारखी. आणि त्या जागेपासून पाच पावलांवर मधाची पेटी, तिला साधा ओरखडाही नव्हता.

जंगल खात्यात रोजानं काम करणारे चंद्रभान आमच्या धुऱ्यावरून जायचे. त्यांना मी थांबवलं. त्यांनी पावलं पाहिली, मग तेवढ्यात भोंग्यातून आलेलं गुंगुं कान देऊन ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

“वयनी, ह्या मधमाश्या नाई,” ते म्हणाले. “अस्वलाची पिल्लं दूध पेतानी असा आवाज करते. पर हा भोंग्यातून काहून येऊन राह्यला?”

मला काय माहीत? मी म्हटलं, “पिल्लांची पावलं तं दिसत नाई.”

“दिसन कशी? माय पाठीवर घेऊन फिरते त्याइले. दोन पिल्लं, पाठीवरचे केस धरून बसते. अन् संकट आलं का पिल्लं पोटाखाली घेऊन पालथी पडते. मंग तिले मारा, कापा, थे उठत नाई. पिल्लावाली हाये, वयनी. जपून राहा.”

भाऊजी मागं येऊन उभे होते, आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि त्यातून त्यांना एवढंच उमगलं.

“म्हंजे तवा मारता येते,” ते म्हणाले.

चंद्रभान म्हणाले, “देवरावभाऊ, असं बोलू नका.” पण दुसऱ्या दिवशीपासून वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत दाराआड कुऱ्हाड दिसायला लागली.

४

त्यानंतर भोंगा चालू करायला माझा हात धजेना. करत होते, कारण नाही केला तर घरात भांडण. पण हाऽऽड आता फार थोडे उरले होते. त्यांच्या जागी कधी गुंगुं, कधी नुसता श्वास. एकदा आत्याबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ये. बस.” हे शब्द आम्ही भरलेच नव्हते. दिवाळीतल्या त्या दुपारी बस म्हणायला त्यांना फुरसत कोणी दिली होती?

मी कुंदनला म्हटलं, “चला, तुमी आयका तुमच्या कानानं.”

तो आला, ऐकलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

“मायच हाये,” तो म्हणाला.

“मंग?”

“मंग काय? दादा म्हनते, बियानं निघालं का काढू.”

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः वावरात गेले, बॅटरीच्या तारा उपटल्या आणि बॅटरी उचलून मोटारीच्या खोलीत आणून ठेवली. जड होती, कंबर दुखली. पण मन हलकं झालं. खांबाकडे पाहून मी म्हटलं, आत्याबाई, पडा आता निवांत.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आभाळ उत्तरेकडून काळंनिळं झालं.

५

आम्ही तिघंही वावरात होतो. भाऊजी आणि कुंदन पेट्यांवर ताडपत्री टाकायला धावले, मी दोर घेऊन मागं. दोन पेट्या झाकल्या असतील नसतील, तोच पहिली गार माझ्या खांद्यावर बसली. बोराएवढी होती. मग एकदम सुरू झालं. आम्ही मोटारीच्या खोलीत घुसलो. वरती टिनपत्रा, त्याच्यावर असा कल्ला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

भाऊजींचा पाय बॅटरीला लागला. त्यांनी खाली पाहिलं, मग कुंदनकडे पाहिलं.

“कुंदन, हे कोनं काढली? तिले इचार!”

त्यांचं दोन एकर बियाणं बाहेर झोडपून निघत होतं आणि हा माणूस मधल्या माणसाकरवी मला जाब विचारत होता! मी उत्तर देणार, तेवढ्यात कुंदननं दाराबाहेर बोट केलं.

खांबाखाली अस्वल होतं. डोंगरातून केव्हा उतरलं, कुठून आलं, कोणी पाहिलं नाही. झाड सोडून, ओढ्याची कपार सोडून ते उघड्या वावरात, त्या खांबाखाली आलं होतं. तोंड जमिनीला, चारी पाय आत ओढलेले, पाठ कमानीसारखी वर. पोटाखालून एक लहानसं पांढुरकं नाक बाहेर आलं आणि तिनं पंजानं ते आत सारलं. गारा लिंबाएवढ्या झाल्या होत्या. एकेक तिच्या पाठीवर पडत होती, काळ्या केसांखालची कातडी थरथरत होती, पण ती जागची हलत नव्हती. मला रडू फुटलं. जनावराची जात, पण पिल्लांवरून उठली नाही.

भाऊजींनी दाराआडची कुऱ्हाड घेतली. डोक्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं.

“उठत नाई म्हने थे,” ते म्हणाले. “आता कशी जाते पाह्यतो.”

मी दारात आडवी झाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी सरळ बोलले. “भाऊजी, जाऊ नका! पिल्लावाली हाये थे. तुमाले लाज नाई वाटत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कुंदनला म्हणाले, “हिले बाजूले घे.” आणि कुंदननं, माझ्या नवऱ्यानं, माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

भाऊजी वाकून चालत गेले. दहा पावलांवर असतील, गारेनं घमेलं उडालं. डोक्यावर एक हात धरून ते तसेच पुढं गेले. अस्वलानं मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. उठली नाही. फक्त पाय आणखी आत ओढले. भाऊजींनी कुऱ्हाड वर केली.

भोंगा बोलला. बॅटरी माझ्या पायाशी होती. दोन्ही तारा मोकळ्या होत्या, मी त्यांच्याकडे पाहत होते.

“देवू,” आत्याबाई म्हणाल्या. “देवू, खाली बस. लागन तुले.”

कुंदनची बोटं माझ्या दंडात रुतली. “लहानपनी त्याले देवू म्हने माय,” तो म्हणाला. एवढ्या कल्ल्यात मला ते स्पष्ट ऐकू आलं.

भाऊजी बसले. कुऱ्हाड टाकली आणि बावन्न वर्षांचा तो माणूस गुडघे पोटाशी घेऊन मातीत कुशीवर आडवा झाला. त्यानंतर गारांचा असा लोंढा आला की वावर पांढरं झालं आणि पुढचं काही धड दिसेना. मी कान देऊन ऐकत होते. डोक्यावर पत्र्याचा खणखणाट होता. वावरात गारा मातीत थपाथप पडत होत्या. आणि भाऊजी पडले होते तिथून तिसराच एक आवाज येत होता, ओली गोधडी मोगरीनं धोपटावी तसा. तो आवाज मातीचा नव्हता.

मध्येच वारं फिरलं आणि क्षणभर पडदा विरळ झाला. काळी पाठ होती. तिच्या शेजारी दुसरी वाकलेली पाठ होती, हिरव्या लुगड्यातली. लुगड्याखाली दोन टाचा होत्या. भेगांच्या. थंडीत त्या टाचांना मी तेल चोळत असे. प्रत्येक गारेसरशी त्या टाचा दचकत होत्या.

मी ओरडले असेन. कुंदननं भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यानं काय पाहिलं ते त्यानं आजपर्यंत सांगितलेलं नाही.

६

पाऊण तासानं उघडलं. अस्वलीण आधी उठली. तिचा एक कान फाटला होता. पिल्लं केस धरून पाठीवर चढली, एक, मग दुसरं, आणि ती लंगडत डोंगराकडे गेली. आमच्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

भाऊजी उठून बसले. अंगावर एक वळ नाही. केस कोरडे. ते पडले होते तेवढी माती कोरडी, आणि भोवती अख्ख्या दोन एकरांत एक दांडा उभा नव्हता. गोंडे चिखलात गेले, पेट्या फुटल्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा ते डोळे चोळत होते. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. आता तरी आईच्या नावानं एक हुंदका देईल.

“कुंदन,” ते म्हणाले, “तिले सांग, थे बॅटरी लाव म्हना.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “तुमच्या पाठीवरचा मार कोनं खाल्ला, भाऊजी?” मी म्हटलं. “जित्तेपनी राबवलं, मेल्यावर राबवलं, अन् आजबी तिलेच पुढं केलं! आता तरी सोडा तिले! बियानं घरात येईपरेंत म्हने. कुठं हाये बियानं? येनार काय घरात आता?”

ते शांत होते. मला जो राग आला तो त्या शांतपणाचा. कपडे झटकत ते कुंदनला म्हणाले, “तिले सांग, मी काई मायले बलावलं नव्हतं. मायनं आपल्या मनानं केलं.”

भोंगा त्यांनी दोन दिवसांनी स्वतःच उतरवला आणि विकला. खांबही काढला. गरज राहिली नाही. आत्याबाई आता भोंग्याशिवायच ओरडतात, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आवाज बसलाय, पण खंड नाही. भाऊजींनी त्या वावरात मूग पेरलाय आणि रोही तिथं फिरकत नाहीत. ते लोकांना सांगतात, मायचा आशीर्वाद हाये. लोक माना डोलवतात.

गेल्या सोमवारी भर दुपारी मी एकटी गेले. कोणाला विचारलं नाही. खांब होता त्या जागी उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला. मी मनाशी पक्कं ठरवूनच गेले होते. म्हटलं, “आत्याबाई, मी रागिणी. बस झालं आता. मी पाह्यतो वावर, मी शब्द देतो तुमाले. तुमी जा.”

मुगाची पानंही हलत नव्हती. माझ्या अगदी जवळ, कानापाशी कोणीतरी श्वास घेतला. मी थांबले. मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

“हाऽऽड!”

अशा जोरात की मी मागं पडले. उठते तोच पुन्हा, “हाऽऽड!” मी धुऱ्यापर्यंत पळत गेले, चप्पल तिथंच राहिली. पंधरा वर्षं मी त्या बाईचं केलं. दवाखान्यात तीन दिवस मांडीवर डोकं घेऊन बसले. ज्यानं त्यांना मारलं त्याच्यावर त्या गारांत पालथ्या पडल्या, आणि सोडवायला आले मी, तर मला जनावरासारखं हाकललं. लेकाचं वावर आहे ना. मी परक्याची लेक.

मी धुऱ्यावर बसून होते. ऊन उतरायला लागलं तशी डोंगराकडून अस्वलीण आली. पाठीवर दोन्ही पिल्लं होती, आता बरीच मोठी दिसत होती. मूग तुडवत ती सरळ त्या जागेवर गेली आणि बसली. आवाज थांबला. मी बराच वेळ कान देऊन ऐकलं. तिला आत्याबाई काहीच म्हणाल्या नाहीत.